चादरीआडचं गाणं

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"काका, नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू बोलतो, गातो मराठीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करतो. आजोबा गिरणीत होते, तिथल्या भजनी मंडळात म्हणायचे, त्यांच्यामुळं गोडी लागली. गाण्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्यात. रात्री शेजारचे माग बंद झाले की खोलीच्या दाराला आणि खिडकीला चादरी टांगतो, हेडफोन घालतो, ट्रॅकवर गातो आणि रील टाकतो. अकरा हजार लोक फॉलो करतात. गेल्या दिवाळी पहाटेला जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीनं बोलावलं होतं. सत्तर खुर्च्या, चाळीसेक माणसं. दुसऱ्या गाण्यात पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी फोन उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, 'बोला की, काही नाही, निवांत बसलोय.' माझा दुसरा अंतराच गेला. हात थरथरायला लागले. ट्रॅक आपला पुढं चाललेला. कसंबसं संपवलं, उरलेली गाणी घसा बसल्याचं सांगून टाळली. तेव्हापासून फक्त खोलीत गातो. आता संक्रांतीच्या सुमारास एका मंडळानं बोलावलंय. मित्र म्हणतो, 'कशाला जातोस बे? घरात बसून हजारो ऐकतात, तिथं चाळीसही नसतात.' माझा प्रश्न असा: आजच्या काळात समोर बसून गायची खरंच गरज आहे का? जुने कलाकार 'श्रोत्यांशी नातं' म्हणतात ते नेमकं काय असतं? की नुसतं बोलायचं?"

पोरा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या 'निवांत बसलोय'पाशी मला हसू फुटलं, त्याची आधीच माफी मागतो. तुझ्या जिवावर बेतलेलं होतं ते. पण खरं सांगू? ते गृहस्थ तुझ्याबद्दल वाईट काहीच बोलले नव्हते. दिवाळीच्या पहाटे एक माणूस आंघोळ करून, नवा शर्ट घालून, तुझ्या गाण्यासमोर निवांत बसला होता आणि फोनवरच्याला तसं सांगत होता. तुला ते वर्मी लागलं, कारण तू त्याला परीक्षक समजून गात होतास.

मी स्वतः गाणारा नव्हे. तीस-बत्तीस वर्षं पेटी वाजवतोय, दुसऱ्यांच्या मागं. भजन, सुगम, कीर्तन, लग्नाच्या आदल्या रात्रीचं, निवडणुकीच्या आदल्या रात्रीचं, सगळं. तेव्हा माझं उत्तर पेटीवाल्याचं उत्तर आहे एवढं धरून वाच.

आधी तुझ्या मित्राचा मुद्दा, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. समोर माणूस नसताना गाणं ही काही मोबाइलनं काढलेली टूम नव्हे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान तबकडीसाठी गायल्या त्या एका कर्ण्यासमोर. तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची, तेवढ्यात राग आटपायचा आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारायचं. का, तर तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिराला कळायला हवं की ही कुणाची. समोर दाद देणारं कुणी नाही, मान हलवणारं नाही, आणि तरीही ते गाणं आज शंभराहून जास्त वर्षांनी आपल्याला ऐकू येतं. तेव्हा रीलला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. तुझी चार रील मी नातीकडून लावून घेऊन पाहिली. सूर चांगला आहे. चादरीचा उपायही बरा आहे, आपल्याकडची चादर जाड, आवाज पिते. (तुझ्या कारखान्यातला टॉवेल त्याहून जास्त पिईल, करून बघ.)

पण त्या चार रीलमध्ये मला एक गोष्ट दिसली आणि ती सांगायला हवी. चारही गाण्यांत तू श्वास एकाच ठिकाणी घेतोस. म्हणजे ट्रॅक जिथं घेऊ देतो तिथं.

माझ्याकडं या धंद्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे आणि ती मला मोठ्या मैफलीत मिळाली नाही. मिळाली ती तुमच्याच पूर्व भागात, एका मागवाल्याच्या घरी, दहाव्याच्या आदल्या रात्री.

म्हातारे वारले होते. गिरणी चालू होती तोवर गिरणीत, मग घरी दोन माग टाकलेले. घरात सगळे तेलुगू बोलणारे, पण म्हातारे गिरणीच्या भजनात मराठी अभंग म्हणायचे. म्हणून मुलानं आमच्या मंडळाला बोलावलं. माग दहा दिवस बंद. तू त्याच भागातला, तुला माहीत असेल बंद मागाचं घर कसं लागतं. एरवी शब्द ऐकू येत नाही असं घर, आणि तिथं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आम्ही मागांच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून बसलो. दहा-बारा माणसं. कुणी ऐकायला आलेलं नव्हतं. बायका आत-बाहेर करत होत्या, एक पोरगं झोपलेलं, मुलगा दुसऱ्या दिवसाची यादी लिहीत बसलेला. आजीबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, आमच्याकडं पाठ.

आम्ही रीतीप्रमाणं रूपाच्या अभंगानं सुरुवात केली. आमचे बुवा उंच पट्टीचे, मी काळी तीनची पट्टी धरली. पहिला अभंग झाला. दुसरा झाला. तिसरा सुरू केला, तो म्हाताऱ्यांचा आवडता म्हणून मुलानं सांगितलेला. दोन ओळी झाल्या असतील, आजीबाई न वळता काहीतरी बोलल्या. तेलुगूत. आम्ही थांबलो. नातीनं सांगितलं, "आजी म्हणतेय, लई वर धरलंय. ते खाली म्हणायचे."

पेटीला काय, बोट सरकवलं की पट्टी बदलते. पण पखवाज काळी तीनला लावलेला. पखवाजवाल्यानं मुकाट्यानं हातोडी काढली. पुडीच्या कडेच्या गजऱ्याला खालून एकेक ठोका देत तो तिचा सूर उतरवायला लागला. धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक वाळत आली होती, तिला पाण्याचा हात लावला. मी खालच्या पट्टीचा, पांढरी तीनचा सा धरून बसलो. पाच मिनिटं तरी लागली असतील. त्या बंद मागांच्या मध्ये नुसता हातोडीचा टक-टक आवाज आणि माझा एक सूर. आणि तुला सांगतो, त्या पाच मिनिटांत घर हळूहळू आमच्याकडं वळलं. आतल्या बायका दाराशी आल्या. मुलानं यादी खाली ठेवली. कारण सगळ्यांना कळलं होतं की हे म्हाताऱ्यांसाठी चाललंय.

मग पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. खालच्या पट्टीत बुवांचा आवाज थोडा जाड लागत होता, शोभत नव्हता म्हण ना. आजीबाईंचं तोंड भिंतीकडंच. पण दुसऱ्या कडव्यात आम्ही श्वासाला थांबलो तिथं त्या थांबल्या नाहीत. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून आमच्या आधी आला. म्हातारे तिथं श्वास घेत नसावेत, पुढं नेऊन तोडत असावेत. बुवांनी माझ्याकडं पाहिलं, मी पखवाजवाल्याकडं. पुढच्या कडव्याला आम्ही सगळ्यांनी श्वास तिथं घेतला, जिथं त्या घेत होत्या. शेवटपर्यंत तसंच.

टाळ्या नाहीत, वाहवा नाही. चहा झाला, निघालो.

घरी येताना बुवा एवढंच म्हणाले, "आज तू माझी साथ केली नाहीस, मीच साथीला होतो." मला ते वाक्य कळायला काही वर्षं गेली. तू विचारतोस ना, श्रोत्यांशी नातं म्हणजे काय? माझ्या लेखी ते एवढंच आहे: समोरच्याची साथ करणं. मी पेटीवर गाणाऱ्याचा खांदा बघतो. खांदा वर आला की तो श्वास घेतोय, म्हणजे आता ओळ येणार, म्हणजे मधल्या जागा भरणं मी आवरायचं. तो कुठं अडखळेल हे त्याच्या आधी मला कळायला लागतं. तसं गाणाऱ्यानं समोरच्या माणसांचं करायचं. त्यांचा खांदा बघायचा. तू त्या सोसायटीत चाळीस माणसांसमोर गायलास, पण लक्ष सगळं कानातल्या ट्रॅककडं. साथ चालली होती ट्रॅकची, आणि ट्रॅकला खांदा नसतो.

म्हणूनच अंतरा गेल्यावर तू बुडालास. अंतरे सगळ्यांचे जातात. मी एका नावाजलेल्या बाईंची साथ करत असताना, ऐन जुलैत, हुतात्मा स्मृती मंदिराच्या नाट्यगृहात, माझ्या पेटीचा एक स्वर अडकला. दमट हवेत पट्टी फुगते, दाबली की वर येत नाही आणि सूर लागून राहतो. दोष माझाच, पावसाळ्याआधी पेटी उघडून बघायला हवी होती, आळस केला. कोमल धैवत भोंग्यासारखा सुरू, आणि रागात कोमल धैवत नाही! मी घामानं भिजलो. बाईंनी हात वर करून गाणं थांबवलं, लोकांकडं पाहून म्हणाल्या, "आमच्या पेटीला आज एक स्वर जास्तच आवडलाय." लोक हसले. मी पट्टी उचकटून काढली, त्यांनी तीच ओळ परत घेतली. आणि त्या ओळीला जी दाद आली ती आधीच्या अर्ध्या तासात आली नव्हती. त्यांच्याकडं थांबायची सोय होती. तुझा ट्रॅक थांबत नाही, तुला 'अरे, विसरलो' म्हणायची फुरसत देत नाही.

तर पहिली गोष्ट: संक्रांतीला ट्रॅक नेऊ नकोस. एक तबला, एक पेटी, बास. तबलेवाला फार मोठा नको, तुझ्याकडं बघणारा हवा.

मग तू म्हणशील, तबलेवाल्याबरोबर फोनवरून तालीम करू? नको. २०२० च्या टाळेबंदीत मी तो उद्योग केलाय. पुण्याची एक विद्यार्थिनी व्हिडिओ कॉलवर गायची आणि मी इथून पेटी धरायचो. तिची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिच्याकडं पडायची, माझ्याकडं उशिरा पोचायची, मी त्यावर वाजवलेलं तिच्याकडं अजून उशिरा. ती माझ्यासाठी थांबायची, मी तिच्यासाठी, दोघं मिळून लय खड्ड्यात. एका खोलीत तीन मीटरवर बसलो तर आवाज सेकंदाच्या शंभराव्या भागात पोचतो, ते कानाला खपतं. कॉलवर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. आणि वरून तंबोरा गायब! मला आधी वाटलं तिनं लावलाच नाही. मग नातवानं उलगडा केला: सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं ते अ‍ॅप समजतं आणि कापून टाकतं. मिरजेत घडवलेला तंबोरा, त्याचा भोपळा आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यातला, आणि अ‍ॅपच्या लेखी तो पंखा. सेटिंगमध्ये मूळ आवाज चालू ठेवायची सोय असते असं नंतर कळलं, पण माझा राग अजून गेलेला नाही.

आता हात थरथरण्याचं. ते जाणार नाही, माझेही अजून पहिल्या पाच मिनिटांत गार पडतात. भीती वाटली की अंग रक्त बोटांकडून काढून घेतं, त्याला आपण काय करणार. मी कार्यक्रमाआधी कोमट पाण्यात बोटं बुडवतो आणि लांब श्वास सोडतो. घेण्यापेक्षा सोडण्याकडं लक्ष दे. शेंगाचटणी-भाकरी खाऊन गायला बसू नकोस, चटणीचा कण घशात राहतो आणि नेमका वरच्या सा ला भेटतो. पहिलं गाणं छोटं, मधल्या लयीचं, आपल्या आवाजाच्या सोयीचं निवड. कसब दाखवायचं ते तिसऱ्यात दाखव. आणि वही समोर ठेव. रीलवाल्यांना वहीची लाज वाटते असं दिसतं. भजनी मंडळात वही समोर असते, तिला कुंकू लागलेलं असतं, पानं हळदीनं पिवळी झालेली असतात, आणि कुणी त्याबद्दल कधी नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही.

दुसरा एक धक्का तुला बसला असणार, जो तू लिहिलेला नाहीस. खोलीत हेडफोनमधून तुझा आवाज तुला गोड होऊन, घुमून परत येतो. स्टेजवर तो कोरडा जातो आणि परतच येत नाही. मग आपण ओरडतो, घसा ताणतो, आणि सूर चढतो. त्यासाठी कार्यक्रमाच्या तासभर आधी जा. साउंडवाल्याशी ओळख कर, त्याला चहा पाज, 'मामा' म्हण. 'आवाज वाढवा' असं मोघम सांगू नकोस. 'माझ्या मॉनिटरला माझा आवाज द्या, पेटी थोडी, तबला अगदी कमी' असं सांग. तो बिचारा दिवसभर 'वाढवा, वाढवा' ऐकून कंटाळलेला असतो, नेमकं सांगणारा भेटला की जीव लावून काम करतो.

आणि समोरचे दिवे. हे मात्र हट्टानं कर. हल्ली स्टेजवर निळे-जांभळे दिवे सोडतात आणि समोर काळोख. तुला फक्त काळोख दिसला तर तू पुन्हा चादरीआडच गेलास. समोरचे दोन दिवे चालू ठेवायला सांग, चेहरे दिसले पाहिजेत. खुर्च्या स्टेजजवळ ओढून घे. मंडळवाले पुढची रांग पाहुण्यांसाठी सोफे लावून आडवतात, ते त्यांचं चालू दे. पहिल्या रांगेकडं बघून गायचंच नसतं. तिथं बसलेली निम्मी माणसं दिसायला आलेली असतात, सत्कार झाला की उठतात. ऐकणारा चौथ्या-पाचव्या रांगेत, कडेला, खांबाला टेकून सापडतो. मला दर कार्यक्रमात तो एक माणूस शोधायची सवय आहे. दुसऱ्या गाण्यापर्यंत सापडतोच. कधी तो चहावाला असतो.

आणि आपल्या सोलापुरात तो तीन भाषांतून शोधावा लागतो, हे आपलं सुख. एका सतरंजीवर कन्नड बोलणारा, तेलुगू बोलणारा, मराठी बोलणारा, आणि मागं स्कूटरवर बसून ऐकणारा दख्खनी बोलणारा. शब्द सगळ्यांना सारखे लागत नाहीत. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आणि त्यांच्या गड्ड्याला, संक्रांतीच्या यात्रेला, गर्दी सगळ्यांची. म्हणून इथं गाणाऱ्याला शब्दांवर विसंबून चालत नाही. एखादी ओळ पोचली नाही असं वाटलं तर ती पुन्हा म्हण, जरा वेगळी. ते शिकायचं तर आपल्या जिल्ह्यातच शाळा आहे, पण तिचं नाव घेतलं की लोक तोंड फिरवतात. मोडनिंबकडच्या संगीतबारीतल्या बाया बैठकीची लावणी कशी म्हणतात ते एकदा नीट ऐक. एकच ओळ सात-आठ वेळा, आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्या माणसाला सांगितलेली. एकदा लटक्या रागानं, एकदा नुसती भुवई उचलून, एकदा कंटाळल्यासारखी. समोरचा माणूस बघून ओळ बदलते. आमच्या गावचे जुने शाहीर राम जोशी कीर्तन करायचे आणि तमाशाला लावण्याही रचून द्यायचे. दोन्हीकडं बसायची सवय असलेला माणूस. हल्लीचे आम्ही एका बाजूला बसलो की दुसरीकडचे आम्हाला दिसत नाहीत. असो, हे माझं दुखणं आहे, तुझं नव्हे.

एक धोकाही सांगतो, कारण 'लोकांकडं बघ' म्हटलं की पोरं लोकांच्या ताब्यात जातात. गाणं रंगलं की लोक ठेक्यावर टाळ्या धरतात. छान वाटतं. पण त्या टाळ्यांवर गाऊ नकोस. सतरा मीटर मागं बसलेला माणूस तुझा ठेका ऐकून टाळी वाजवतो, ती तुझ्यापर्यंत येईतो जाऊन-येऊन सेकंदाचा दहावा भाग गेलेला असतो. मोकळ्या मैदानात तर पुढची टाळी एक, मागची दुसरीच. त्यांच्यामागं गेलास की लय ओढली जाते, तबलेवाला घाबरतो, आणि गाणं बैलगाडीसारखं होतं. साथ करायची म्हणजे शरण जायचं नाही. आम्ही पेटीवाले गाणाऱ्याच्या मागं असतो, पण सूर आमच्या हातात असतो, तो सोडत नाही.

त्या फोनवाल्याचं काय करायचं, ते राहिलं. काही नाही करायचं. गात राहा. फार तर ओळ परत घे आणि ती त्यांच्याकडं बघून, हसून म्हण. दहापैकी सात जण वरमून फोन ठेवतात. उरलेले तीन उठून बाहेर जातात, तेही बरंच. रोखून पाहिलंस किंवा टोमणा मारलास तर मात्र सगळी मांडी आवळून बसतात, पुढचा अर्धा तास कुणी खोकतसुद्धा नाही. भीतीनं शांत बसलेल्या लोकांसमोर गाण्यासारखी शिक्षा नाही. आणि मोबाइल वर धरून रेकॉर्ड करणाऱ्यांवर तर तू रागवूच नकोस, तू काय वेगळं करतोस?

आता संक्रांतीचं. हो म्हण. पण चार गोष्टी ठरवून घे. चारच गाणी म्हणणार. भाषणं आधी की नंतर ते लेखी नाही तरी तोंडी पक्कं कर. रात्री दहाला माइक बंद करावा लागतो आणि आपल्याकडं पाहुणे साडेआठला येतात, मग सत्कार, मग नारळ, आणि गाणाऱ्याच्या वाट्याला वीस मिनिटं. तारीख बघून घे. किंक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, त्या वेळेला कार्यक्रम ठेवला तर तुझ्यासमोर खरंच खुर्च्याच असतील, आणि त्यात तुझा काही दोष नसेल. मानधन विचारायला लाजू नकोस. तबलेवाल्याचं तर आधी ठरव, स्वतःचं मागाहून.

आणि त्याआधी एक काम. हे मी मागाशीच सांगायला हवं होतं, कारण बाकी सगळं याच्यानंतरचं आहे. संक्रांतीपर्यंत आठ गुरुवार आहेत. आमच्या गल्लीतल्या देवळात दर गुरुवारी रात्री साडेआठला भजन असतं. पत्ता संपादकांकडून घे. तिथं तू गायचं नाहीस. टाळ धरायचा आणि मागं बसायचं. बुवा एक ओळ म्हणणार, बाकीच्यांनी ती उचलायची, त्यात तू. पहिल्या गुरुवारी टाळ चुकेल, बोटं सोलतील, शेजारचा रिक्षावाला तुझा हात धरून ठेका दाखवेल. तो चाळीस वर्षं टाळ धरतोय आणि त्याला सा कशाला म्हणतात हे सांगता येणार नाही. त्याचं ऐक. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी तुला न बघता कळायला लागेल की बुवा आता थांबणार आहेत. ते कसं कळतं हे मला विचारू नकोस, मला लिहिता येत नाही. ते कळायला लागलं की मग तुझ्या आजोबांचा एखादा अभंग म्हणायला तुला पुढं बसवू. त्यांची पट्टी कोणती होती ते घरात विचारून ठेव. आजी असेल तर तिला विचार, तिला नक्की माहीत असेल.

रील टाकत राहा. फक्त भजनातलं शूटिंग पहिले चार गुरुवार नको.

थंडी वाढलीय आणि देवळाची फरशी गार पडते. सतरंज्या दोनच आहेत, त्यातली एक उंदरांनी खाल्लेली. येताना ती दारावरची चादर काढून घेऊन ये.